कोरीटोवरचा दुसरा खड्डा

वेंदेलीन पितोन्याक मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचे फक्त पाय दिसले. वरचा सगळा माणूस ओझ्याखाली होता. पाठीवरच्या लाकडी चौकटीला बिअरचं पिंप, त्यावर बटाट्यांचं पोतं, त्यावर कोबीचे गड्डे आणि सगळ्यात वर दोरीने आवळलेला एक आरसा. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. कामेन्ना खोऱ्याच्या माथ्याशी डोंगर चढणाऱ्यांसाठी जो निवारा आहे, तिथे नुकतीच स्वयंपाकाला लागले होते. आरसा मीच मागवला होता.

"आरसा फुटला नाही ना?" मी दारातूनच ओरडले.

ओझ्याखालून आवाज आला, "आधी मला विचार की मी फुटलो का!"

तेव्हापासून आमची ओळख. आमच्या निवाऱ्याला गाडीरस्ता नाही. जे लागतं ते माणसाच्या पाठीवर येतं, आणि त्या काळात सहा हमाल होते. वेंदो त्यातला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात बोलका. शाळा आठवीत सुटलेली. खाली गावात बायको, इलोना. रविवारी तिच्याकडे जायचा, सोमवारी दुपारी ऐंशी किलो घेऊन वर यायचा आणि सगळ्यात आधी सूप मागायचा.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये त्याच्या पुढे चालणारे दोन हमाल गेले. वीस पावलं पुढे होते. वरून बर्फाचा लोट आला आणि त्या दोघांना घेऊन खाली ओढ्यात गेला. वेंदो ओझ्यासकट जागच्या जागी उभा राहिला. बर्फाची कड त्याच्या बुटाच्या टोकापासून हातभर अंतरावर फाटली होती. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "झोफ्का, मला एवढंच सांग. तिथे फाटलं, मग इथे का नाही? बर्फ तोच, उतार तोच, वाट तीच."

मला काय माहीत असणार? कोणालाच माहीत नव्हतं. फादर म्हणाले देवाची मर्जी. निवाऱ्याचा मॅनेजर म्हणाला नशीब. वेंदोला दोन्ही उत्तरं पटली नाहीत. पुढच्या हिवाळ्यात बर्फाची पाहणी शिकवायचा दहा दिवसांचा वर्ग शहरात निघाला, तेव्हा त्याने आपणहून नाव दिलं. तिथे सगळे शिकलेले लोक. हा हमाल मागच्या बाकावर. परत आला तो एक भिंग, एक करवत, सहा थर्मामीटर आणि बारीक चौकटी आखलेला एक काळा पत्रा घेऊन. त्याचं हमालीचं काम सुटलं आणि खड्डे खणायचं काम सुरू झालं. एकोणतीस हिवाळे त्याने तेच केलं.

आमच्या निवाऱ्यासमोर कोरीटो आहे. गुरांना पाणी पाजायची लाकडी डोणी असते तशी ती उतरण. दोन्ही बाजूंना खडक, मध्ये खोलगट पोट, आणि वर ओव्चा खिंडीकडे जायची वाट. हिवाळ्यात स्कीवरून पलीकडच्या खोऱ्यात जाणाऱ्या प्रत्येकाला कोरीटो एकदा तरी ओलांडावं लागतं. वेंदो रोज सकाळी दोन खड्डे खणायचा. पहिला उतरणीच्या खालच्या खांद्यावर, जिथे बर्फ खोल साठतो. दुसरा वरती, खडकांच्या पायथ्याशी, जिथे थर पातळ असतो. दुसऱ्या खड्ड्यापर्यंत बाजूच्या खडकाच्या कण्यावरून, हातापायांनी धरत चढावं लागतं. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला.

मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते. छातीइतका खोल खड्डा. त्याने एक भिंत करवतीने सरळ कापली, ब्रशने झाडली आणि मग बोटांनी वाचायला लागला. आधी अख्खी मूठ दाबायची. ती आत गेली तर थर मऊ. नाही तर चार बोटं, मग एक, मग पेन्सिल, मग सुरी.

"हा बघ डिसेंबरातल्या निकोलाशच्या सणाचा पाऊस," तो म्हणाला. "गोठून काच झालाय. ही नाताळातली भुरभुर. आणि हा जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाचा वारा, त्या दिवशी तुझं धुराडं पडलं होतं, आठवतं?"

अख्खा हिवाळा त्या भिंतीत एकावर एक घड्या घालून ठेवल्यासारखा होता. मग त्याने भिंतीतून एक चौकोनी खांब मोकळा कापला, वर फावडं आडवं ठेवलं आणि त्यावर हाताने मारायला लागला. दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. कितव्या टोल्याला खांब मोडतो आणि कसा मोडतो ते बघायचं. कुरकुरत, वाकडातिकडा मोडला तर बरं. एखाद्या टेबलाचा खण सरकन बाहेर यावा तसा सरकला, तर त्या दिवशी निवाऱ्यात बसून पत्ते खेळायचे.

हे सगळं वहीत लिहायचं, फोनवरून शहरातल्या बर्फाच्या केंद्राला कळवायचं आणि आमच्या दारावरच्या पाटीवर धोक्याचा आकडा लावायचा. एक म्हणजे जा. पाच म्हणजे दार उघडू नका. चार असला की लोक आपणहून घाबरतात. माणसं मरतात ती तीनला, असं वेंदो म्हणायचा. तीनला प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्यासाठी लिहिलंय.

रादो श्कोवरान त्याच्याकडे शिकायला आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. जंगलखात्यात नोकरी, उंच, थोडासा तोतरा. त्याची आई हर्मिना वेंदोच्या शेजारची, दोन कुंपणं सोडून पलीकडची. वेंदोला मूलबाळ नव्हतं. रादोला त्याने आठ हिवाळे शिकवलं. रादो त्याला मामा म्हणायचा आणि खड्ड्यात उभं राहून त्याच्याशी तावातावाने भांडायचा.

"मामा, हे दोन मिलिमीटरचे कण आहेत. तुमचं भिंग म्हातारं झालं."

"भिंग म्हातारं नाही झालं, तू आंधळा आहेस. दीड!"

"पत्र्यावर ठेवा. मोजा. हं? किती?"

"...दोन. पण ओलसर आहेत."

पुढे रादो परीक्षा देऊन वाटाड्या झाला. गावातला पहिला. त्याची कीर्ती अशी की तो लोकांना परत फिरवतो. खिंडीपासून शंभर मीटरवरून पैसे भरलेल्या माणसांना मागे आणताना मी त्याला पाहिलंय. शिव्या खायचा आणि हसायचा.

दोन हजार बाराच्या हिवाळ्यात नोव्हेंबरला थोडासाच बर्फ पडला, आणि मग पाच आठवडे नुसती निरभ्र थंडी. अशा थंडीत जमिनीलगतच्या पातळ बर्फाची साखर होते. कण एकमेकांना धरत नाहीत, मुठीत घेतले तर बोटांमधून गळून जातात. जानेवारीत वारा घेऊन हिमवृष्टी आली, आणि त्या साखरेवर घट्ट फरशी बसली. वेंदोने मला तेव्हाच सांगितलं होतं, "यंदा पायाच कच्चा आहे. हा वसंतापर्यंत पक्का होणार नाही."

त्याचा उजवा गुडघा तोपर्यंत पार गेला होता. हमालीतला गुडघा. सकाळी मी त्याला गरम पाण्याची पिशवी द्यायचे, तो ती टेबलाखाली धरून बसायचा, कोणाला दिसू नये म्हणून. कारण शरद ऋतूतच शहरातून एक साहेब येऊन गेला होता. कोरीटोच्या वर यंत्रांचा खांब उभारायचं चाललंय, म्हणाला. बर्फाची जाडी, तापमान, वारा, सगळं आपोआप जाईल. वेंदोच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम्हीही आता आराम करा की, पितोन्याक साहेब." वेंदो एकसष्ट वर्षांचा होता.  साहेब गेल्यावर, जेवताना म्हणाला, "खांबाला मूठ कुठे असते गं? तो दाबून कसा बघणार?"

फेब्रुवारीत नऊ दिवस पाटीवर तीन होता. नऊ दिवस कुठेच काही कोसळलं नाही. जेवणघरात लोक कंटाळले. एकजण म्हणाला, "आजोबा, तो तीन काय खिळ्याने ठोकलाय?" दुसरा म्हणाला, "आकडे हरवले असतील, एकच उरलाय." वेंदोही हसला. पण ते त्याला लागलं, हे मला कळलं.

दहाव्या सकाळी उणे सतरा होतं. रादो आदल्या संध्याकाळीच पाच जणांना घेऊन आला होता. त्यांच्यात मार्तिन गावची एक शाळामास्तरीण होती, ल्युबित्सा नावाची. सकाळी स्वयंपाकघरात येऊन तिने मला हालुश्कीचं, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं, पीठ किती सैल ठेवायचं ते विचारलं होतं. मी तिला चमच्याने दाखवलं.

वेंदो उजाडताच बाहेर पडला. माझ्या चुलीसमोर खिडकी आहे, तिच्यातून खालचा खांदा आणि वर जाणारा कणा दोन्ही दिसतात. मी कोबीचं सूप ढवळत होते. खांद्यावर तो खणताना दिसला. मग त्याने फावडं उचललं, कण्याकडे निघाला, आणि कण्याच्या पहिल्याच पायरीला थांबला. बराच वेळ थांबला. वाकून गुडघा दाबला. मग वळला आणि खाली आला.

त्याच्या पावलांच्या खुणा तिथेच संपल्या होत्या. वरचा कणा कोरा होता. मी ते पाहिलं. मला वाटलं, आज दुखतंय बिचाऱ्याचं. एवढंच वाटलं.

तो आत आला, बूट झाडले, वही उघडली. पहिल्या खड्ड्याचं खरं तेच लिहिलं: एकशे नव्वद सेंटिमीटर, सत्ताविसाव्या टोल्याला मोड, वेडीवाकडी. दुसऱ्या खड्ड्यापुढे लिहिलं, "बदल नाही." पाटीवर तीन तसाच ठेवला.

रादो स्कीच्या तळाला चढणीवर न घसरणाऱ्या केसाळ पट्ट्या चिकटवत बाकावर बसला होता. सगळी मंडळी निघायच्या तयारीत. त्याने मान वर करून विचारलं, "मामा, खाली किती?"

"सत्तावीस. वाकडा मोडला."

"आणि वर? वर बघितलंत?"

सगळे ऐकत होते. नऊ दिवस ज्यांनी टोमणे मारले तेही नाश्ता करत तिथेच होते. वेंदो म्हणाला, "बघितलं. तसंच आहे."

मी दारात चहाची किटली घेऊन उभी होते. वेंदोने माझ्याकडे पाहिलं नाही.

रादो म्हणाला, "बरं. मग मी परत खणत नाही. पोटातून नको, वरच्या कडेने खडकाला धरून नेतो एकेकाला." आणि माझ्याकडे बघून, "झोफ्का मावशी, संध्याकाळी हालुश्की. मेंढीचं चीज राखून ठेवा, या शहरी लोकांना सगळं संपवू देऊ नका."

वरच्या कडेने, खडकाला धरून. म्हणजे जिथे थर सगळ्यात पातळ, जिथे साखर पावलांच्या अगदी जवळ. खाली खांद्यावर एकशे नव्वद सेंटिमीटरची फरशी माणसाचं वजन पेलते. वर तीच फरशी हातभरच जाड असते. वेंदोला हे माहीत होतं, रादोला माहीत होतं. म्हणून तर रादोने विचारलं होतं.

ते गेल्यावर वेंदो टेबलाशी बसून राहिला. पाव पुढ्यात होता, खाल्ला नाही. पाऊण तासाने उठला. म्हणाला, "मी जरा वर जाऊन येतो."

"आता कशाला?" मी म्हटलं.

 त्याने फावडं घेतलं आणि दार उघडलं, तेवढ्यात तो आवाज आला. त्याला मोठा म्हणता येणार नाही. कोणीतरी जाड गादी जमिनीवर टाकावी तसा, ढप्प. पण तो पायांतून आला. मग कोरीटोच्या वरच्या कडेला, खडकाखाली, एक रेघ पळत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्याखालचं सगळं पोट एकदम चालायला लागलं.

तीन जण कडेला उभे होते, ते वाचले. एक जण अर्धा गाडला गेला, त्याने स्वतःला उकरून काढलं. रादो सगळ्यात पुढे होता, ल्युबित्सा त्याच्या मागे.

गुडघ्याचं काय झालं ठाऊक नाही, पण वेंदो धावला. मी धावले, नाश्त्याचे लोक धावले. छातीवरचं शोधयंत्र लावून तोच पुढे होता. कुत्र्यासारखा बर्फाला नाक लावून तो त्या ढिगाऱ्यावर रांगत होता, आणि यंत्रावरचे अंतराचे आकडे मोठ्याने वाचत होता: अकरा, आठ, पाच, साडेतीन. लांब सळई खुपसली. तिसऱ्या वेळी ती मऊ लागली. लोट थांबला की बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, फावड्याचा पत्रा वाकतो. ल्युबित्साला काढायला पंचवीस मिनिटं लागली, तोवर ती गेली होती. रादोला चाळीस. तो उताणा होता. तोंडात बर्फ होता. वेंदोने बोटाने तो काढला आणि तोंडाला तोंड लावलं, आणि बचाव पथकाचं हेलिकॉप्टर येऊन डॉक्टरने त्याला खांद्याला धरून मागे ओढेपर्यंत तो थांबला नाही.

संध्याकाळी मी हालुश्की केल्या. का केल्या ते मला सांगता येणार नाही. कोणी खाल्ल्या नाहीत.

चौकशी झाली. खालून चार माणसं आली, तुटलेल्या रेघेची जाडी मोजली, फोटो काढले, वेंदोची वही तपासली. वहीत सगळं नीट होतं. अहवालात आलं की पाहणी नियमाप्रमाणे झाली, तीन हा आकडा बरोबर होता, निर्णय वाटाड्याचा होता. त्याने स्वतः चाचणी न करता माणसांना पातळ थरावर नेलं. एकदम शुद्ध, स्वच्छ भाषा. तो कागद वर्तमानपत्रात आला आणि गावात हर्मिनाच्या मुलाने मास्तरणीला मारलं असं झालं.

हर्मिना दुकानात पाव घ्यायला जायची तर बोलणं थांबायचं. कोणी वाईट बोलायचं नाही. फक्त थांबायचं. मार्तिनहून मास्तरणीचा नवरा आला होता, तो हर्मिनाच्या फाटकाशी उभा राहिला, आत आला नाही, अर्धा तास उभा राहून निघून गेला. हे तिने मला नंतर सांगितलं.

वेंदो हिवाळा संपेपर्यंत वर राहिला. दोन्ही खड्डे खणत होता, रोज, गुडघ्याला पट्टा बांधून. आम्ही दोघं त्या सकाळबद्दल बोललो नाही. एकदा मी नुसतं म्हटलं, "वेंदो, मी खिडकीतून..." तो म्हणाला, "माहीत आहे. खिडकी कुठे आहे ते मला माहीत आहे." आणि उठून गेला.

जूनमध्ये तो हर्मिनाकडे गेला. मला सोबत घेऊन गेला. ती मागच्या अंगणात बटाट्याला माती लावत होती. त्याने टोपी काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं. गुडघा, कणा, वही, रादोने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. काहीच कमी केलं नाही, काहीच जास्त केलं नाही.

हर्मिना कुदळीवर हात ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "कशासाठी खोटं बोललास?"

"मला काढून टाकतील म्हणून. आणि लोक ऐकत होते म्हणून."

"लोक ऐकत होते." तिने ते शब्द हळू म्हणून बघितले. "आणि तू वर गेला असतास, तर तो गेला नसता?"

"ते मला माहीत नाही, हर्मिना. कदाचित वरचा खांबही टिकला असता. बर्फाचं तसं असतं. पण त्याला माहीत असायला हवं होतं की वर कोणी बघितलेलं नाही. मग त्याने स्वतः खणलं असतं. त्याने नक्की खणलं असतं."

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने त्याला खुनी म्हणतायत, आणि तू रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसत होतास."

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू कशाला आलीस?"

मी म्हटलं, "मी खिडकीतून बघितलं होतं. तो वर गेला नाही ते."

"बघितलंस आणि काय केलंस?"

मला खरं सांगणं भाग होतं. "सूप ढवळत होते."

तिने कुदळ पुन्हा उचलली. "जा, तुम्ही दोघं. आणि मला सांगून उपयोग नाही. ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगा."

तो गेला. शहरात, अहवाल लिहिणाऱ्या कार्यालयात. टेबलामागे एक तरुण बाई होती, भली. तिने त्याला कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की प्रकरण बंद झालंय. वहीत नोंद आहे, ती सहीची आहे. आता तोंडी सांगण्यावरून ते उघडता येत नाही. वेंदो म्हणाला, मग लिहून घ्या. तिने लिहून घेतलं, त्याने सही केली. पुढच्या आठवड्यात मीही जाऊन माझं लिहून दिलं. त्या बाईने विचारलं खिडकीपासून कणा किती लांब? मी म्हटलं, सहाशे मीटर असेल. खिडकीला वाफ होती का? मी म्हटलं, होती. सूप होतं ना. तिने मान हलवली. ते दोन कागद एका फाइलमध्ये गेले, फाइल कपाटात गेली. नंतर कधी कोणाचा फोन आला नाही.

मास्तरणीच्या नवऱ्याला त्याने पत्र लिहिलं. माझ्याच टेबलाशी बसून लिहिलं, आठवी शिकलेल्या माणसाच्या अक्षरात, तीन दिवस. उत्तर आलं ते दोन ओळींचं. "तुम्ही तुमच्या मित्रासाठी हे करताय हे मी समजू शकतो. कृपा करून मला पुन्हा लिहू नका."

आणि नेमकं तसंच गावात झालं. वेंदो गावच्या दारूच्या गुत्त्यात उभा राहिला. भर दुपारी, कापणीनंतरच्या शनिवारी, सगळे असताना. म्हणाला, "रादोची चूक नव्हती. मी वर गेलो नव्हतो. मी त्याला खोटं सांगितलं."

 मग एक म्हातारा हमाल, वेंदोबरोबर ओझी वाहिलेला, उठला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "बस, वेंदो. तुझं मन आम्हाला माहीत आहे. त्याच्या आईसाठी तू हे अंगावर घेतोयस. बस, एक पेला बोरोविच्का घे."

"अरे अंगावर घेत नाहीये! खरं सांगतोय!"

"हो, हो. बस."

तो ओरडला. टेबलावर मूठ आपटली. जितका ओरडला तितके त्यांचे डोळे जास्त ओले झाले. एकोणतीस वर्षं रोज वर जाणारा माणूस, पाठीवर अख्खा निवारा वाहिलेला माणूस, तो आळस करेल आणि वर खोटं बोलेल? मी मध्ये पडून म्हटलं की खरं आहे, मी पाहिलंय. कोणीतरी कोपऱ्यातून म्हणालं, "झोफ्का तर त्याच्यासाठी काहीही पाहील." लोक हसले, प्रेमाने हसले. ते हसणं ऐकून वेंदो खाली बसला. त्याने पेला उचलला नाही. त्यानंतर त्याने ती गोष्ट कोणाला सांगितली नाही.

ऑक्टोबरात हेलिकॉप्टरने यंत्रांचा खांब आणला. वेंदोला एक घड्याळ दिलं आणि निरोप दिला. खांब चांगला चालतो. पहिल्या हिवाळ्यात वाऱ्याने दोनदा गोठला, तेवढंच. आता आमच्या दारावर पाटी नाही, आकडा फोनवर येतो. बर्फात हात घालणारं कोणी नाही.

खाली घरात वेंदो काय करत असे ते इलोनाने मला सांगितलं. "काही नाही करत. बसतो. मी म्हटलं, बोल माझ्याशी, ओरड तरी. तर म्हणतो, काय बोलू, तूही तेच म्हणणार. आणि झोफ्का, खरं सांगू? मीही तेच म्हणते. माझा विश्वास नाही बसत. चाळीस वर्षं बघतेय मी त्याला." ती रडली. "तूच सांग, खरं आहे का ते?"

मी सांगितलं, खरं आहे. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी हिसकावून घेतलंय. त्यानंतर ती मला भेटायला आली नाही.

हिवाळ्याआधी तो हर्मिनाची लाकडं फोडायला जायचा. ती दार उघडायची नाही, नकोही म्हणायची नाही. तो अंगणात फोडून, रचून, निघून यायचा. तीन वर्षं हे चाललं. चौथ्या वर्षी ती बाहेर आली आणि म्हणाली, "आता नको येऊस. तू आलास की शेजारी बघतात आणि म्हणतात, बघा, किती मोठ्या मनाचा. मला ते ऐकवत नाही." तोही मग गेला नाही. तिच्या पोराचं नाव तसंच राहिलं होतं. शेजारच्या गावात वाटाड्यांच्या वर्गात त्याची गोष्ट सांगतात म्हणे, काय करू नये याचं उदाहरण म्हणून.

मागच्या एप्रिलला वेंदो न्यूमोनियाने गेला. दवाखान्यात मी दोनदा भेटले. शेवटच्या वेळी त्याच्या तोंडावर श्वासाचा मुखवटा होता. तो काढून तो म्हणाला, "झोफ्का, त्याने विचारलं होतं ना? 'वर बघितलंत?' असंच विचारलं ना?"

मी म्हटलं, "असंच."

"मग मला 'नाही' म्हणता आलं असतं." त्याने पुन्हा मुखवटा लावला. मी त्याचा हात धरला. जे बोलायला सुचलं ते खोटं झालं असतं.

अंत्यविधीला सगळं खोरं आलं. चर्च भरलं, दाराबाहेरही माणसं. बचाव पथकाचे लाल जाकिटातले लोक, हमाल, वाटाडे. हर्मिना मागच्या बाकावर होती, काळा रुमाल बांधून. फादर नवीन आहेत, तरुण. लोकांनी जे सांगितलं तेच ते बोलले. म्हणाले, या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं ओझं पाठीवर वाहिलं, आणि शेवटी एका मेलेल्या मित्राचा दोषही आपल्या पाठीवर घेतला. स्वतःचं चांगलं नाव त्याच्यासाठी द्यायला निघाला. यापेक्षा मोठं प्रेम ते काय?

लोक रडत होते. इलोनाही. पुढच्या बाकावरच्या त्या म्हाताऱ्या हमालाचे खांदे हलत होते.

मला उठता आलं असतं. मी तिसऱ्या रांगेत होते, उठून उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं. पण मग शवपेटीसमोर त्याच्या बायकोचं काय झालं असतं, आणि कोणी ऐकलं असतं का, असं मी मनाशी म्हणत राहिले. मागे बाक कुरकुरला. हर्मिना उठली होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. मधल्या वाटेने ती दाराकडे चालत गेली, लोक बाजूला झाले, एकाने तिच्या खांद्यावर हळूच हात ठेवला, तिला सांत्वन द्यायला. तिने तो झटकला आणि बाहेर पडली.

फादर पुढे बोलत राहिले. मी बसून राहिले.